राहत्या घरात व्यवसाय : नियम काय सांगतात?

सदनिकेत शिलाईयंत्र मांडणे वा लोणची-पापड करणे निवासी विभागात मुळीच चालत नाही, असे नाही. मर्यादा मात्र काटेकोर आहेत. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील व्याख्येनुसार घरगुती व्यवसाय तेथे राहणाऱ्या कुटुंबीयांनीच, पगारी मजूर न ठेवता करावयाचा होता. विक्री घरी तयार झालेल्या वस्तूंचीच, यंत्रांचा वीजभार फार तर ०.७५ किलोवॅट आणि बाहेरून व्यवसायाची खूण नाही. म्हणजे गॅलरीत पाटी टांगली, की व्याख्या मोडली! खानावळ तर मुळातच वगळलेली होती. मुंबईत २०१८ साली, तर उर्वरित राज्याच्या बहुतांश भागात २०२० साली नवी नियमावली आली. सध्याच्या अटी तीत पाहाव्यात.

अनेकांची फसगत होते ती ‘शॉप अ‍ॅक्ट’च्या कागदामुळे. तो आस्थापनेची नोंद दर्शवितो, जागेच्या व्यापारी वापराची परवानगी नव्हे. इमारतीच्या वापरातील भरीव बदल हा १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार ‘विकास’च ठरतो, त्यास नियोजन प्राधिकरणाची, बहुधा महापालिकेची वा नगरपरिषदेची, पूर्वपरवानगी लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थेची संमती ही त्याहून वेगळी बाब असून तीही लेखीच घ्यावी.