एका शंकेचा इतिहास : मूलभूत हक्क, घटनादुरुस्ती आणि न्यायालये

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गणेशोत्सव, नाटके आणि कोजागरी यांच्या आठवणी असावयाच्याच. पण ज्या आधारावर आपण महाराष्ट्रापासून इतक्या दूर जयपुरात घरे केली, त्या आधाराचेही स्मरण या निमित्ताने करावे, असे आम्हांस वाटते. देशात कोठेही स्थायिक होण्याचा हक्क राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने आपणांस दिला, संस्था स्थापन करण्याचा हक्कही त्यानेच दिला, आणि आपली भाषा व लिपी जतन करण्याचा हक्क एकोणतिसाव्याने. फाळणीनंतर विस्थापितांना आसरा देणाऱ्या आदर्शनगरात राहणाऱ्यांना या हक्कांचे मोल निराळे सांगावयास नको.

परंतु हे हक्क घटनेत दुरुस्ती करून संसदेला काढून घेता येतील काय? या प्रश्नाच्या इतिहासात राजस्थानातील एक खटला आणि तीन मराठी न्यायमूर्ती यांना मानाचे स्थान आहे.

मूलभूत हक्कांशी विसंगत असा कायदा रद्द ठरेल, असे तेरावा अनुच्छेद सांगतो. जमीनदारी निर्मूलनाचे कायदे या कसोटीवर अडू लागले, तेव्हा १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती झाली आणि नववे परिशिष्ट जन्मास आले. त्यात समाविष्ट झालेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे आव्हान देता येऊ नये, ही त्यामागील योजना. शंकरीप्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी निर्णय दिला की घटनादुरुस्ती हा तेराव्या अनुच्छेदाच्या अर्थाने 'कायदा' नव्हे; सबब ती वैध आहे.

पुढे १९६४ साली सतराव्या दुरुस्तीने आणखी ४४ कायदे नवव्या परिशिष्टात गेले. तिला आव्हान देणारा खटला 'सज्जनसिंह विरुद्ध राजस्थान राज्य' या नावाने प्रसिद्ध आहे. पाच न्यायमूर्तींच्या पीठाचे अध्यक्ष होते सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर, साताऱ्यात जन्मलेले. हक्कांवर निर्बंध घालून का होईना, शेतजमिनीच्या सुधारणेला वाट मोकळी करण्याचा अधिकार संसदेला आहे, असे बहुमताच्या वतीने त्यांनी लिहिले. कुळाच्या आणि भूमिहीनाच्या बाजूने पाहिले, तर या भूमिकेतील न्यायबुद्धी नाकारता येणार नाही.

त्याच पीठावर न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर होते. १९१२ साली काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविणारे अमरावतीचे रघुनाथ नरसिंह मुधोळकर हे त्यांचे वडील. अर्ज फेटाळावा, याविषयी त्यांचे दुमत नव्हते. मात्र त्यांनी एक शंका नोंदवून ठेवली. घटनेच्या एखाद्या मूलभूत वैशिष्ट्यातच बदल केला, तर त्याला दुरुस्ती म्हणावयाचे, की घटनेचा तो भाग नव्याने लिहिणे म्हणावयाचे? न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनीही स्वतंत्रपणे आपली साशंकता व्यक्त केली. निकालावर या शंकांचा परिणाम झाला नाही. पण त्या कागदावर राहिल्या.

त्यानंतर इतिहासाने वेग घेतला. १९६७ साली गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा मतांनी संसदेचा अधिकार संकुचित करण्यात आला. १९७१ च्या चोविसाव्या दुरुस्तीने संसदेने तो परत घेतला. अखेर २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा मतांनी मध्यममार्ग काढला : संसदेला कोणताही अनुच्छेद दुरुस्त करता येईल, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. मुधोळकरांची शंका साडेआठ वर्षांनी सिद्धान्त झाली.

या कथेत आपल्याच माणसाविषयी एक कटू प्रकरणही आहे, आणि गौरवाच्या भरात ते झाकणे योग्य नव्हे. आणीबाणीत, १९७५-७६ साली, विनाचौकशी स्थानबद्ध झालेल्यांचे अर्ज ऐकून घेता येतात, असे राजस्थान आणि मुंबई यांसह अनेक उच्च न्यायालयांनी मानले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते दार चार विरुद्ध एक मतांनी बंद केले. त्या चौघांत पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड होते. विरोधात एकटे हंसराज खन्ना. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने हा घाव भरून काढला : जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क यापुढे आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही, अशी तरतूद झाली. म्हणजे हक्कांचा संकोच करणाऱ्या दुरुस्त्या होत्या, तशा त्यांचे रक्षण करणाऱ्याही झाल्या.

याच चंद्रचूडांनी सरन्यायाधीश या नात्याने १९८० साली मिनर्व्हा मिल्स खटल्यात बेचाळिसाव्या दुरुस्तीतील अमर्याद सत्तेची कलमे रद्द केली. दुरुस्तीचा अधिकारच मर्यादित आहे. त्या मर्यादित अधिकाराचा वापर करून संसद स्वतःस अमर्याद करून घेऊ शकत नाही, हे त्यांचे तर्कशास्त्र आजही टिकून आहे. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खाजगीपणाचा हक्क मान्य करताना, नऊ न्यायमूर्तींच्या पीठावरील त्यांचे सुपुत्र धनंजय चंद्रचूड यांनी वडिलांचा सहभाग असलेला १९७६ चा निकाल चुकीचा ठरवला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या मालमत्तेच्या हक्कासाठी हे वाद मुळात सुरू झाले, तो हक्क चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनेच मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला. जमिनीचा तंटा मागे पडला. त्यातून निपजलेले तत्त्व मात्र व्यक्तीच्या स्वातंत्र्याच्या कामी आले.

उद्या आपल्या मुलांनी विचारले, की परप्रांतात आपले स्थान कशाच्या बळावर, तर त्यांना घटनेची प्रत दाखवावी. आणि त्याबरोबरच हेही सांगावे की, ती प्रत अबाधित राहिली ती बहुमतात असूनही चूक सुधारणाऱ्यांमुळे, तशीच अल्पमतात असूनही शंका नोंदवून ठेवणाऱ्यांमुळे.