‘दिदाखे’ पोथी व उपदेशकाची कसोटी

इ. स. १८७३ मध्यें ग्रीक धर्मपंडित फिलोथेओस ब्रिएन्निओस यांस कॉन्स्टँटिनोपल येथील एका मठाच्या ग्रंथसंग्रहांत इ. स. १०५६ सालीं नकललेली एक ग्रीक पोथी आढळली. तींतील ‘दिदाखे’, म्हणजे ‘बारा प्रेषितांची शिकवण’, हा ग्रंथ त्यांनीं १८८३ सालीं छापून प्रसिद्ध केला. चौथ्या शतकांतील इतिहासकार युसेबिअस यास तो ठाऊक होता. मूळ रचना बहुधा पहिल्या वा दुसऱ्या शतकांतील असावी.

ग्रंथारंभीं जीवनाचा व मृत्यूचा असे दोन मार्ग वर्णिले आहेत. तथापि आम्हांस विशेष मोलाचे वाटतात ते फिरत्या उपदेशकांविषयींचे नियम. आलेल्याचें आदरानें स्वागत करावें. मात्र तो तीन दिवस राहिला, किंवा निघतांना भाकरीखेरीज द्रव्य मागूं लागला, तर तो खोटा संदेष्टा समजावा. सत्य शिकवूनहि तसें न आचरणारा तोहि खोटाच.

यांत आतिथ्य सोडलेलें नाहीं आणि विवेकहि सोडलेला नाहीं. निर्णय सामान्य मंडळीवर सोंपविला आहे. आजच्या श्रद्धावंतांसहि हीच जबाबदारी आहे. ही संहिता इतक्या समग्र स्वरूपांत दुसऱ्या कोणत्याहि ग्रीक पोथींत मिळत नाहीं, हें संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावें.