आपल्या अंगाचे, आपल्या हातचे : घरी शिवताना मापांत करावयाचे फेरफार

तयार ब्लाऊजवर ३६ हा आकडा छापलेला असतो आणि तो केवळ छातीचा घेर सांगतो. ३६ इंच घेर असलेल्या दोन स्त्रियांपैकी एकीचे खांदे अरुंद असतील, दुसरीची पाठ रुंद असेल. एकीचा दंड भरलेला असेल, दुसरीची कंबर उंचावर असेल. मग एकीचा ब्लाऊज खांद्यावरून घसरतो, तर दुसरीचा काखेत काचतो. अशा वेळी अनेक जणी दोष आपल्या बांध्याला देतात. वास्तविक दोष बांध्याचा नसून गणिताचा असतो. घरी शिवणाऱ्या व्यक्तीला हे गणित स्वतःपुरते दुरुस्त करता येते. घरच्या शिवणकामाचा काटकसरीपेक्षाही मोठा लाभ तो हाच.

गणित कुठे चुकते?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विक्रीस आणले आणि घरोघरच्या शिवणकामाला मोठी चालना मिळाली. आपल्याकडील शिवणवर्गांत मात्र छातीच्या मापावरून आखणी करण्याची पद्धत रुजली. मुंढ्याची खोली, गळ्याची रुंदी, क्वचित खांदासुद्धा छातीच्या चौथ्या, सहाव्या किंवा बाराव्या भागावरून काढला जातो. छाती वाढली की खांदाही त्याच प्रमाणात वाढतो, हे या पद्धतीतील गृहीतक. प्रौढ वयात वजन वाढते तेव्हा घेर वाढतो, हाडे मात्र तेवढीच राहतात. त्यामुळे सूत्राने काढलेला खांदा मोठा होतो आणि मुंढा खाली उतरतो.

भारतीय बांध्याची प्रमाणित मापे ठरविण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने (निफ्ट) मुंबईसह सहा शहरांत २५ हजारांहून अधिक व्यक्तींची मापे घेण्याचा प्रकल्प आखला. अशा कामातून तयार कपड्यांचे आकडे सुधारू शकतात. तरीही सरासरी ही सरासरीच राहणार.

मापे घेताना

मापे दुसऱ्या व्यक्तीकडून घ्यावीत. स्वतः मापे घेताना हात वर होतात आणि खांद्याचे माप बदलते. नेहमीची अंतर्वस्त्रे घालून, सरळ पण सैल उभे राहावे. कंबरेला एक दोरा बांधला म्हणजे पाठीची व पुढची लांबी कुठवर मोजायची हे निश्चित होते. छातीचा पूर्ण घेर, काखेतून वरच्या बाजूने घेतलेला वरच्या छातीचा घेर, कंबर, खांद्याची रुंदी, पाठीची रुंदी, दंडाचा घेर, खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचे अंतर आणि दोन टोकांमधील अंतर ही मापे तारखेसह वहीत लिहून ठेवावीत. वर्षातून एकदा ती पुन्हा पडताळावीत.

आधी मांजरपाट, मग रेशीम

कागदावर आखणी झाल्यावर थेट किमती कापडाला कात्री लावू नये. मांजरपाटाचा किंवा जुन्या चादरीचा कच्चा ब्लाऊज शिवून पाहावा. यंत्रावर सर्वांत लांब टाका ठेवावा, म्हणजे उसवणे सोपे जाते. अंगात घालून आरशासमोर उभे राहावे, हात वर करावेत, पुढे न्यावेत, खाली बसून पाहावे. कापडाला पडणाऱ्या सुरकुत्या आपली तक्रार स्वतःच सांगतात. ताणलेल्या सुरकुत्या जिथे रोखलेल्या असतात, तिथे कापड कमी आहे. सैल घड्या पडतात तिथे ते जास्त आहे. मानेखाली पाठीवर आडवी वळी येत असेल तर खांदे सूत्राने धरले त्यापेक्षा सरळ आहेत. मानेपासून काखेकडे तिरक्या सुरकुत्या उतरत असतील तर खांदे उतरते आहेत.

नेहमी लागणारे फेरफार

भरलेली छाती, अरुंद खांदे : अनेक पाश्चात्त्य नमुने वरची छाती आणि पूर्ण घेर यांत सुमारे २ इंचांचे अंतर धरून आखलेले असतात. समजा, वरची छाती ३४ इंच आणि पूर्ण घेर ३८ इंच आहे. अशा वेळी ३८चा नमुना न घेता ३६चा घ्यावा, म्हणजे खांदा व गळा बरोबर बसतो. उरलेले २ इंच केवळ पुढच्या भागात वाढवावेत. अर्ध्या पुढच्या भागाचा कागद कंबरेपासून छातीच्या टोकापर्यंत आणि तेथून मुंढ्यापर्यंत कापावा, मुंढ्याशी किंचित जोडलेला ठेवावा आणि टोकापाशी १ इंच उघडावा. त्यामुळे टक्स मोठे होतात व कापडाला खोली येते. कटोरी ब्लाऊजमध्ये हाच बदल मुख्यतः कटोरीच्या तुकड्यात करता येतो.

काखेत काचणारी बाही : काच जाणवला की मुंढा खाली कोरण्याचा मोह होतो. परंतु मुंढा जितका खोल, तितका हात उचलताना सगळा ब्लाऊज वर ओढला जातो. बहुधा मुंढा थोडा वर घ्यावा लागतो, बाहीच्या वरच्या फुगीर भागाची उंची कमी करावी लागते आणि दंडापाशी रुंदी वाढवावी लागते. त्यानंतर मुंढ्याचा घेर व बाहीची वरची कड फितीने पुन्हा मोजून जुळवावी.

उघडा पडणारा गळा : कच्च्या ब्लाऊजवर जादा कापड टाचणीने चिमटीत धरावे आणि तेवढाच भाग कागदावर दुमडून त्याची भर खालच्या टक्समध्ये घालावी. गळ्याच्या काठाला उरेबी पट्टी लावताना ती हलकीच ताणली, तर काठ अंगालगत बसतो.

एक खांदा खाली : हे अनेकांच्या बाबतीत असते. अशा वेळी कापड दुहेरी घडी करून बेतू नये. डावा व उजवा भाग वेगळा आखून एकेरी कापडावर कापावा.

वय, आजारपण आणि कपडा

आपल्या मापाचा कपडा ही सर्वांनाच सोय असते. काहींच्या बाबतीत मात्र ती स्वावलंबनाची बाब ठरते. वयोमानाने पाठीला बाक आला की मागची लांबी अपुरी पडते आणि पुढे कापड गोळा होते. पाठीच्या कागदाला खांद्याच्या हाडांच्या रेषेत आडवा छेद देऊन मध्यावर अर्धा ते एक इंच उघडावे आणि पुढची लांबी गरजेनुसार घटवावी. खांदा आखडलेल्या व्यक्तीसाठी मागचे हुक निरुपयोगी ठरतात. पूर्ण पुढे उघडणारा ब्लाऊज, सैल मुंढा आणि हुकांऐवजी मोठी टिचबटणे किंवा वेल्क्रो लावले तर तिला कपडे घालण्यासाठी दुसऱ्याची वाट पाहावी लागत नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर व्रणावर शिवण येणार नाही अशी आखणी करता येते. मऊ सुती अस्तराला आतून खिसा शिवून त्यात कृत्रिम भरण बसविता येते. जखम पूर्ण भरेपर्यंत काय घालावे, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

विणकामातील हिशेब

लोकरीच्या कपड्यात माप टाक्यांतून तयार होते आणि प्रत्येकाचा हात वेगळा असतो. पुस्तकातील नमुन्यात १० सेंटीमीटरला २२ टाके असतील, तर ९० सेंटीमीटर घेरासाठी १९८ टाके होतात. आपला हात सैल असून १० सेंटीमीटरला २० टाकेच बसत असतील, तर त्याच १९८ टाक्यांचा घेर ९९ सेंटीमीटर होईल. म्हणून आधी चौकोनी तुकडा विणून, धुऊन, वाळवून मगच टाके मोजावेत. सैल असल्यास बारीक सुई घ्यावी किंवा आपल्या टाक्यांनुसार संख्या नव्याने काढावी. सुयांच्या क्रमांकाकडेही लक्ष द्यावे. जुन्या ब्रिटिश पद्धतीत ८ क्रमांकाची सुई ४ मिलिमीटरची, तर १० क्रमांकाची सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकी पद्धतीत क्रम उलटा असून ८ क्रमांक ५ मिलिमीटरचा होतो. परदेशी नमुना वापरताना मिलिमीटरमधील माप पाहणेच सुरक्षित.

कापताना विसरू नये

सुती कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. नाहीतर नेमके बेतलेले माप पहिल्याच धुण्यात आटते. उभा धागा नमुन्याच्या मध्यरेषेला समांतर ठेवावा. मध्यम सुती कापडाला १४ क्रमांकाची, तलम रेशमाला ११ क्रमांकाची यंत्रसुई वापरावी. बदल झालेला कागद जाड पुठ्ठ्यावर उतरवून जपून ठेवावा. पुढची अनेक वर्षे तोच उपयोगी पडतो. आणि दोन्ही बाजूंच्या शिवणीत किमान एक इंच माया सोडावी. शरीर बदलत राहते. उसवून सैल करता येईल अशी जागा आत असली, की त्या बदलामुळे कपडा टाकून द्यावा लागत नाही.