तळटीप : फ्रीमँटलचा ‘अभेद्य’ तुरुंग

१. मजकुरात पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटलच्या तुरुंगाला अभेद्य म्हटले आहे. ते मान्य करता येत नाही. ब्रिटनहून आणलेल्या कैद्यांनीच १८५०च्या दशकात तो बांधला, आणि दगडही त्याच टेकडीतून फोडला. चुनखडी निवडली गेली ती मजबूत म्हणून नव्हे, पायाखालीच सापडली म्हणून. हा दगड मऊ आहे, हे तुरुंगाधिकाऱ्यांनाही पुरते ठाऊक असावे. एरवी ‘मूनडाइन जो’ या सराईत पळपुट्याच्या कोठडीला आतून जॅरा लाकडाच्या जाड फळ्या मारून खिळ्यांनी मढवण्याचे कारण काय? पुढे प्रकृती ढासळल्याने त्याला अंगणात खडी फोडायला बसवले. समोर दगडांचा ढीग वाढत गेला. पहारेकऱ्याला ढिगाआडून त्याचे डोके दिसे, हात दिसत नसत. मार्च १८६७मध्ये तो तिथल्याच भिंतीला भगदाड पाडून निसटला.

तरीही तुरुंग १९९१पर्यंत वापरात होताच ना, असे कोणी म्हणेल. होता, पण निदान त्या पहिल्या काळात पळणाऱ्याला खरा अडसर होता तो एका बाजूच्या समुद्राचा आणि दुसऱ्या बाजूच्या निर्जल रानाचा. कित्येक कैदी तर परवान्यावर भिंतीबाहेरच मजुरी करीत.