सुइट, एकल चेलोसाठी

साथीविना एकट्या चेलोवर वाजविण्यासाठी रचलेली, नृत्यप्रकारांवर आधारलेल्या अनेक भागांची संगीतमालिका. यूरोपीय संगीताच्या बरोक कालखंडात, म्हणजे स्थूलमानाने १६०० ते १७५० या काळात, हा प्रकार आकाराला आला आणि योहान झेबास्टिआन बाख (१६८५–१७५०) या जर्मन संगीतकाराच्या सहा रचनांत त्याला जे रूप लाभले, तेच पुढे या प्रकाराचे प्रमाण मानले गेले. चेलो हे व्हायोलिनच्या कुळातील, गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजविण्याचे वाद्य असून त्याच्या सी, जी, डी आणि ए या चार तारा एकमेकींपासून षड्ज-पंचमाच्या अंतरावर लावतात. सतराव्या शतकात त्याचे काम मुख्यतः खर्जाचा आधार देण्याचे होते. ‘बासो कंटिन्यूओ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सततच्या आधारावरच त्या काळातील बहुतेक गायन-वादन उभे असे. त्यामुळे जे वाद्य इतरांना आधार देण्यासाठी होते, त्यालाच कोणताही आधार न देता एकटे वाजू देणे ही मोठी झेप होती.

या झेपेची पूर्वतयारी इटलीतील बोलोन्या येथे झाली. आतड्याच्या खर्जाच्या तारांवर धातूची बारीक तार गुंडाळण्याचे तंत्र सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळल्यावर जाड व सुस्त तारांची जागा सडपातळ आणि गजाला चटकन उत्तर देणाऱ्या तारांनी घेतली, तसे खर्जाच्या वाद्यालाही चपळ वादन साधू लागले. येथील सान पेत्रोनियो चर्चच्या वाद्यवृंदातील चेलोवादक दोमेनिको गाब्रिएल्ली याने १६८९ मध्ये एकट्या चेलोसाठी सात रिचेर्कार रचले. रिचेर्कार म्हणजे वाद्याच्या आणि स्वरकल्पनेच्या शक्यता शोधत जाणारी मुक्त रचना. तिच्यात नृत्यांची ठरलेली मालिका नसते. बाखला या रचना ठाऊक होत्या, असे मानण्यास पुरावा नाही.

बाखचे सहा सुइट बहुधा १७१७ ते १७२३ या दरम्यान, तो क्योटेन येथे राजपुत्र लीओपोल्ट याचा संगीतप्रमुख असताना रचले गेले. हा दरबार कॅल्व्हिनपंथी असल्याने तेथील उपासनेत विस्तृत संगीताला फारसा वाव नव्हता आणि बाखची शक्ती साहजिकच वाद्यसंगीताकडे वळली. राजपुत्र स्वतः वादक होता आणि त्याच्या पदरी क्रिस्टिआन बेर्नहार्ट लिनिके हा चेलोवादक व क्रिस्टिआन फेर्डिनांट आबेल हा गांबावादक असे दोघे जाणकार होते. यांपैकी कोणासाठी हे सुइट लिहिले गेले, हे मात्र ठरवता येत नाही.

सहाही सुइटांचा आराखडा एकच आहे. आरंभी मुक्त स्वरूपाचा प्रेल्यूड येतो. त्यानंतर संथ चौपदरी चालीचे आलमांद, धावते कुरांत, दुसऱ्या मात्रेवर रेंगाळणारे विलंबित त्रिमात्रिक साराबांद, मग एका जातीची दोन हलकी नृत्ये आणि शेवटी उसळता जिग असा क्रम असतो. जोडीची नृत्ये पहिल्या दोन सुइटांत मिनुएट, मधल्या दोनांत बुरे आणि अखेरच्या दोनांत गावोत अशी आहेत. यांतील पहिले नृत्य दुसऱ्यानंतर पुन्हा वाजवितात. प्रेल्यूडखेरीज प्रत्येक नृत्य दोन खंडांचे असून दोन्ही खंडांची पुनरावृत्ती होते. नावे नृत्यांची असली, तरी ही नाचासाठीची वादने नव्हेत. पदन्यासाची लय मात्र त्यांच्यात जिवंत असते आणि ती हरवलेले वादन कितीही भावपूर्ण असले तरी अपुरे वाटते.

या रचनांचे खरे सामर्थ्य न वाजणाऱ्या स्वरांत आहे. पाश्चात्त्य संगीताचा कणा असलेली हार्मनी, म्हणजे एकाच वेळी उमटणाऱ्या स्वरांचे परस्परनाते, चेलोवर सलगपणे उभी करता येत नाही, कारण गज एका वेळी एक किंवा दोन तारांवरच नीट टिकून राहू शकतो. तीन-चार स्वरांचे समूह तुटकपणे, जणू पायऱ्या चढत, वाजवावे लागतात. बाखने या मर्यादेतूनच मार्ग काढला. एकच सुरावट खालच्या, मधल्या आणि वरच्या सप्तकांत अशी काही फिरते की खर्जात एकदा उमटून गेलेला स्वर पुढचे अनेक स्वर ऐकताना श्रोत्याच्या कानात टिकून राहतो आणि तेथेच इतरांशी जुळतो. जी मेजरमधील पहिल्या सुइटाच्या ४२ तालखंडांच्या प्रेल्यूडमध्ये पहिल्या चार तालखंडांभर तळाशी जी हाच स्वर राहतो आणि त्याच्यावरचे स्वरसमूह बदलत जातात. अखेरीस मोकळ्या तारेचा स्वर आसेसारखा धरून दुसरी सुरावट अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर चढते. सी मेजरमधील तिसरा सुइट याउलट एका सरळ अवरोहाने उघडतो आणि सर्वांत खालच्या मोकळ्या तारेवर येऊन ठेपताच संपूर्ण वाद्य घुमू लागते. एकाच सुरावटीच्या संगीतात मुरलेल्या भारतीय श्रोत्याला या रचना लगेच जवळच्या वाटतात. पण येथे सुरावट एकाच आधारस्वराभोवती फुलत नाही, आधारच सतत सरकत असतो, हा भेद ध्यानात घेतल्याशिवाय तिच्या वळणांचा अर्थ पुरता उलगडत नाही.

सी मायनरमधील पाचव्या सुइटासाठी सर्वांत वरची ए तार एक पूर्ण स्वर उतरवून जी या स्वरात लावावी, असे सांगितलेले आहे. तार नेहमीपेक्षा वेगळी लावण्याच्या या रीतीला ‘स्कोर्दातूरा’ म्हणतात. तिच्यामुळे वाद्याचा नाद काळवंडतो. याच सुइटातील साराबांदमध्ये एकही स्वरसमूह नाही, केवळ सुटे स्वर आहेत, आणि तरीही ते सहाही साराबांदांत सर्वांत गहन आहे. डी मेजरमधील सहावा सुइट पाच तारांच्या वाद्यासाठी असून त्यात वर ई ही तार अधिक असते. ते वाद्य लहान आकाराचा चेलो होता की खांद्याशी आडवे धरण्याचा प्रकार, याविषयी एकमत नाही. चार तारांच्या चेलोवर तो वाजविताना डाव्या हाताला फार उंच जागी राहावे लागते.

बाखच्या हस्ताक्षरातील मूळ प्रत उपलब्ध नाही. त्याची दुसरी पत्नी आना माग्डालेना हिने केलेली नक्कल, योहान पेटर केल्नर याची १७२६ च्या सुमाराची प्रत आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील दोन अनामिक प्रती, अशी चार हस्तलिखिते आहेत. स्वरांबाबत त्यांत बरेच साम्य आढळते. मात्र किती स्वर एका गजात घ्यावयाचे हे दाखविणाऱ्या कमानींबाबत चारही प्रती एकमेकींशी जुळत नाहीत. आना माग्डालेनाच्या कमानी अनेकदा नेमक्या कोणत्या स्वरापासून सुरू होतात, हेच कळत नाही. बाखच्या एकल व्हायोलिनच्या सहा रचनांची १७२० ची स्वहस्तलिखित प्रत मात्र टिकली आहे आणि त्या रचनांचीही नक्कल तिने केलेली असल्याने दोन्ही ताडून पाहता येतात. त्यावरून स्वर उतरविण्यात ती काटेकोर आणि कमानींत सैल होती, असे दिसते. तिच्या सैलपणावर बोट ठेवताना, ही नक्कल नसती तर आजचे पाठ कितीतरी दुबळे ठरले असते, हे विसरणे अन्यायाचे होईल. पाचव्या सुइटाचे बाखने स्वतः ल्यूटसाठी केलेले रूपांतर त्याच्याच हस्ताक्षरात उपलब्ध असून तेही पाठनिश्चितीला उपयोगी पडते.

हे सुइट प्रथम १८२४ मध्ये पॅरिसमध्ये छापले गेले, तेही ‘सोनाटा अथवा अभ्यासपाठ’ या नावाने. एकोणिसाव्या शतकात त्यांच्याकडे बव्हंशी हात तयार करण्याचे साधन म्हणूनच पाहिले गेले. रोबर्ट शूमान याने १८५३ मध्ये त्यांना पियानोची साथ जोडली, त्यांपैकी तिसऱ्या सुइटाचीच साथ आज उपलब्ध आहे. हेतू आदराचा असला, तरी बाखने श्रोत्याच्या कानावर सोपविलेले काम पियानोने करून टाकल्याने रचनेतील ताण सैल पडतो. कातालान वादक पाब्लो कासाल्स (१८७६–१९७३) याला १८९० मध्ये बार्सेलोनातील एका दुकानात या सुइटांची छापील प्रत मिळाली. अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर तो ते अखंडपणे मैफलीत वाजवू लागला आणि १९३६ ते १९३९ या काळात त्याने सहाही सुइट ध्वनिमुद्रित केले. नंतरच्या वादकांपैकी पिएर फूर्निए, म्स्तिस्लाव रस्त्रोपोविच आणि यो-यो मा यांनी आधुनिक चेलोवर, तर आनर बिल्स्मा याने आतड्याच्या तारा व बरोक गज वापरून त्यांचे वेगवेगळे अर्थ लावले.

बाखनंतर जवळजवळ दोन शतके एकल चेलोसाठी या तोलाची रचना झाली नाही. १९१५ मध्ये माक्स रेगर याचे तीन सुइट आणि झोल्टान कोदाय याचा सोनाटा रचला गेला. कोदायने खालच्या दोन तारा अर्ध्या स्वराने उतरवून पाचव्या सुइटातील युक्तीला नवे रूप दिले. बेंजामिन ब्रिटन याने १९६४ ते १९७१ या काळात रस्त्रोपोविचसाठी तीन सुइट लिहिले, त्यांत फ्यूग, गीत आणि संचलनगीत असे भाग एकमेकांना लागून येतात.