वाईचा बाण आणि गूगलची वाट

संकेतस्थळावरचे अंतर्गत दुवे काढून टाकले की शोधातल्या क्रमाचं काय होतं? हा प्रश्न लोक गूगलपासून सुरू करतात. आपण तो वाईपासून सुरू करू.

साताऱ्यातल्या या गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश घडला. पहिला खंड १९७६ साली आला. त्याची पानं चाळली की मजकुरात मध्येच एक बारीक बाण आणि पुढे दुसऱ्या नोंदीचं नाव दिसतं. नोंदीच्या शेवटी 'पहा'. अकारविल्ह्यात कृष्णा नदी एका खंडात जाते आणि तिच्या काठची सांगली पार शेवटाकडे. विषयाचे असे तुकडे होणारच. ते जोडण्याचं काम बाण करतो. हा कागदावरचा अंतर्गत दुवाच आहे.

बाण पुसला तर? १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, दक्षिणेकडच्या भागाला 'दक्षिण सातारा' म्हणत, आणि १९६० मध्ये तोच सांगली जिल्हा झाला. जुना कागद हातात घेऊन 'दक्षिण सातारा' शोधणाऱ्याला 'पहा : सांगली' एवढे दोन शब्द मिळाले नाहीत, तर माहिती असूनही त्याच्यासाठी ती नाहीच.

१९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी याच गोष्टीला गणितात बसवलं. पानाचं वजन त्यावरच्या दुव्यांत वाटलं जातं. ज्याच्याकडे वजनदार पानं बोट दाखवतात ते पान वर चढतं. समजा, यशवंतराव चव्हाणांच्या पानावर दहा दुवे आहेत आणि त्यांतला एक त्यांच्या जन्मगावाकडे, देवराष्ट्रेकडे जातो. (१९१३ मध्ये हे गाव साताऱ्यात होतं, आज ते सांगलीत आहे.) तो दुवा काढला तर चव्हाणांच्या पानाला सहसा फारसं काही होत नाही. मार बसतो देवराष्ट्रेच्या पानाला. त्याचा वाटा जातो, दुव्याच्या शब्दांतून मिळणारी ओळख जाते, आणि तिकडे जाणारी ती एकच वाट असेल तर गूगलचा यंत्रमानव तिथे क्वचितच फिरकतो. असं पान पोरकं होतं.

मग काहींनी हिशेब मांडला : बिनमहत्त्वाचे दुवे गूगलसाठी 'नोफॉलो' करू, म्हणजे उरलेल्यांना जास्त मिळेल. २००९ मध्ये गूगलच्या मॅट कट्स यांनी सांगितलं की तसं होत नाही. अडवलेल्या दुव्याचा वाटा इतरांना न मिळता वाया जातो. दुवा मुळातूनच काढला तर उरलेल्यांचा वाटा वाढतो, हे खरं. तळाशी त्याच त्या शंभर ओळी चिकटवल्या असतील तर त्या खुशाल छाटाव्यात, वाचकही सुटेल. पण मजकुराच्या ओघात आलेला दुवा छाटणं म्हणजे शास्त्रीबुवांचा बाण खोडणं. आम्हाला तरी यात शहाणपण दिसत नाही.

मराठीत याची झळ जास्त लागते, कारण बाहेरून आपल्या पानांकडे येणारे दुवे मुळात कमी. कोशाचा मजकूर वेबवर उतरवताना बाण नुसती छापील खूण म्हणून राहिला, तर वाचकाला तो अजून दिसतो. यंत्राला त्यात वाट दिसत नाही. ते बाण एकेक करून पुन्हा जिवंत करणं हे काम कंटाळवाणं आहे, पण महाविद्यालयातल्या पोरांनाही जमेल असं आहे. सुरुवात 'दक्षिण सातारा'पासून करता येईल.