'रोमन' काच नेमकी कोणाची?

१/ मोठ्या शोधाचा पुरावा काही वेळा कचऱ्यात सापडतो. जेरुसलेमच्या जुन्या शहरात नाहमन अविगाद यांच्या उत्खननात एका काचकारखान्याचा टाकाऊ माल मिळाला. त्यात एका टोकाला फुगवलेल्या काचेच्या नळ्या होत्या. काळ सुमारे इ.स.पू. ५०. काच फुंकून घडवल्याचा हा सर्वांत प्राचीन ज्ञात पुरावा मानला जातो.

२/ तत्पूर्वी काचपात्र ही चैनीची वस्तू होती. मातीच्या गाभ्याभोवती वितळलेली काच चढवायची आणि निवल्यावर गाभा खरवडून काढायचा. किंवा साच्यात पात्र घडवून ते घासत बसायचे. एकेका पात्रामागे फार वेळ जाई.

३/ पुढे लोखंडी फुंकणी आली. तिच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, सपाट पृष्ठावर फिरवून त्याला आकार द्यायचा, फुंकायचे, चिमट्याने मान ओढायची. शेवटी पात्र मंद उष्णतेत सावकाश निववायचे; घाई केली तर ते तडकते. आता पात्र काही मिनिटांत आकार घेऊ लागले.

४/ कच्ची काच मात्र बहुधा दुसरीकडे तयार होई. आक्रेजवळच्या बेलस नदीची वाळू त्यासाठी प्रसिद्ध होती. वाळू वितळावी म्हणून इजिप्तमधील नॅट्रॉन हा क्षार मिसळत. या काचेचे ढेकळे जहाजांतून दूरदूरच्या कारागिरांकडे जात. 'पेरिप्लस'मध्ये भडोच बंदरात उतरणाऱ्या मालातही कच्ची काच नोंदलेली आहे.

५/ परिणाम? स्ट्रॅबो लिहितो की रोममध्ये काचेचा प्याला एका तांब्याच्या नाण्यास मिळे. श्रीमंतांच्या मेजावरील वस्तू सामान्यांच्या घरी पोहोचली. फुटकी काचही वाया जात नसे. ती गोळा करून पुन्हा वितळवीत.

६/ म्हणजे रोमने बाजारपेठ दिली, जलमार्ग दिले. युक्ती मात्र पूर्व भूमध्य किनाऱ्यावरची. आपण सरसकट 'रोमन काच' म्हणतो, तेव्हा हे श्रेय नकळत पुसले जाते.

७/ काही कारागिरांनी ते पुसू दिले नाही. इ.स. पहिल्या शतकातील एनियन साच्यात फुंकलेल्या पात्रांवर ग्रीक अक्षरांत 'एनियनने घडवले' असे उमटवीत असे. काही पात्रांवर खरेदीदाराचे स्मरण राहो, अशी सदिच्छाही आहे. असंख्य कारागीर मात्र अनामच राहिले.

८/ संग्रहालयात निळसर-हिरवे रोमन काचपात्र दिसले, तर क्षणभर थांबा. तो रंग बहुधा वाळूतील लोहाचा असतो. आकार मात्र कोणा अनाम माणसाच्या फुंकरीचा.